हात दाबला की पुढे

शेंगा वाढणाऱ्या इमोजीनबाईंनी डाव तसाच भांड्यावर धरला, दुसऱ्या हातानं केंड्राचं मनगट पकडलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलं हो बाई आम्ही. फार फार आनंद झाला बघ." मग डाव तिच्या ताटात उपडा केला आणि मागच्या म्हाताऱ्याला विचारलं, "मक्याचा ब्रेड एक देऊ की दोन?" रांग पुढे सरकली म्हणून केंड्राही सरकली. बुधवारच्या प्रार्थनेआधीचं जेवण चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये नेहमीसारखंच चाललं होतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी, बर्फाच्या गोड चहाचे घामेजलेले जग, लांब टेबलांवर अंथरलेला पांढरा कागद. तिचं मनगट मात्र अजून इमोजीनबाईंच्या बोटांत असल्यासारखं गरम होतं. काय ऐकलं यांनी? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. केंड्राच्या मनात गेल्या शनिवारपासून पुनवेचा सबंध चंद्र उगवून बसला होता, आणि तो कोणालाही सहज दिसेल असं तिला सारखं वाटत होतं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवताना, त्याचा श्वास आपल्या गालाला लागेल इतकं जवळ उभं राहिल्यावर, तर फारच. पण मग आनंद कसला? घरातली मुलगी चेटकीण व्हायला निघाली म्हणून चॅटनूगा शहरातल्या बॅप्टिस्ट ख्रिश्चनांना आनंद झाल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही.

विनेल मावशीनं तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. केंड्रा बसली, हातरुमाल मांडीवर पसरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, इमोजीनबाई काय म्हणत होत्या?"

मावशी ब्रेडला लोणी लावत राहिली. तिचा गळा लाल व्हायला लागला. मावशी लाजली की तो लाल रंग गळ्यापासून निघून कानापर्यंत चढायचा. केंड्राच्या आईचं, नडीनचंही तसंच होतं, सख्ख्या बहिणीच त्या.

"रागावणार नाहीस ना?"

"नाही."

"मी फक्त इमोजीनला सांगितलं. आता इमोजीनला सांगितलं म्हणजे काय ते तुला माहीतच आहे." मावशी ओशाळं हसली. "शनिवारी मी अर्ध्या वाटेतून परत आले होते गं. भरलेली अंडी घरीच राहिली, ती न्यायला. तुझ्या खोलीवरून जाताना कानावर आलं. 'येशूच्या नावानं मागते, आमेन.' तुझाच आवाज. दार नाही हो वाजवलं मी. अंडी उचलली नि तशीच गेले." थोडं थांबून ती म्हणाली, "गाडीत बसून रडले थोडी. दोन वर्षांनी ऐकलं ना."

केंड्रानं तोंडातला घास चावला, चावला, आणि चहाच्या घोटाबरोबर ढकलला. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं म्हणतात, पण तिला वाटलं, धरणीला तरी कुठल्या तोंडानं सांगणार? धरणीचीच तर पूजा करायला ती त्या शनिवारी बसली होती. आणि मावशी खोटं बोलत नव्हती. तिच्या कानांनीही काही चूक केली नव्हती. ते शब्द केंड्राच्याच तोंडून निघाले होते, स्पष्ट, खणखणीत, शेवटच्या आमेनवर थोडा जोर देऊन, जसे लहानपणापासून निघत आले तसे.

शनिवारी मावशी आणि हार्लन काका कोणाच्या तरी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गेले होते. घर रिकामं होतं, बाहेर अजून उजेड होता, आणि डोंगराच्या मागून चंद्र यायचा होता. केंड्रानं खोलीतला गालिचा गुंडाळला. स्वस्ताच्या दुकानातली मेणबत्ती आणली होती, तिला व्हॅनिलाचा वास होता, कारण बिनवासाची संपली होती. मीठ मावशीच्या गुलाबाच्या बशीत. पाणी जॅमच्या बाटलीत. वर्तुळ आखायला सुरी लागते, म्हणून स्वयंपाकघरातली बटाटे सोलायची सुरी. ती हातात धरून ती गोल फिरायला लागली आणि अर्ध्यातच आरशासमोर आली. छत्तीस वर्षांची बाई, दुकानाची काळी पँट, खिशाला अजून नावाची पट्टी, हातात सोलायची सुरी. एखाद्या गिऱ्हाइकाची काच जमिनीवर पडली आणि ती शोधतेय असा चेहरा. लाजेनं तिचे कान तापले. पाहणारं कोणी नव्हतं तरी तापले. लहानपणापासून आपल्याला कोणीतरी सतत पाहतंय असं शिकवलेल्या माणसाला रिकामी खोली अशी मिळतच नाही. तरी तिनं वर्तुळ पुरं केलं. मधोमध बसली. मीठ पाण्यात सोडलं. आणि मग, दुकानात येणाऱ्या एका बाईनं सांगितलं होतं तसं, मनात असेल ते बोलायला तोंड उघडलं तर पहिला शब्द आला तो 'आई'. आई, म्हणाली ती, तू आहेस का? आई, मी आले आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे आपोआप खाली आले. खिडकीत उजेड बदलला. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र थांबलं. मला काही नको, म्हणाली, मला फक्त कोणाशी तरी बोलता यावं. थोडं रडली. आणि मग गाडी उतारावरून आपली आपण घरंगळावी तशी तिची जीभ पुढे गेली आणि म्हणून बसली, येशूच्या नावानं मागते, आमेन.

नव्या नवऱ्याच्या मिठीत जुन्याचं नाव तोंडातून निघावं तशी ती बसल्या जागी गोठली. मेणबत्तीकडे बघेना, मिठाकडे बघेना. कोणाची माफी मागायची तेही कळेना. देवीची मागावी तर तोंडी परक्याचं नाव. येशूची मागावी तर समोर मीठ-पाणी. शेवटी तिनं गालिचा अंथरला, बशी विसळली आणि सुरी खणात ठेवली. त्याच सुरीनं दुसऱ्या दिवशी मावशीनं बटाटे सोलले, आणि ते बटाटे तिघांनी खाल्ले.

हे सगळं ऑपल टीगमुळे, असं म्हणायला तिला आवडलं असतं. ऑपल टीग म्हणजे शाळेच्या बसवर आयुष्य काढलेली, आता निवृत्त झालेली, भरदार आवाजाची बाई. चष्मा सैल होतो म्हणून दुकानात आली होती. तिच्या गळ्यात साखळीला वर्तुळातली चांदणी होती. केंड्रानं काडी वाकवता वाकवता विचारलं होतं, "ज्यू आहात का तुम्ही?" तशी ऑपल खदखदून हसली. "टोकं मोज गं. त्यांची सहा, माझी पाच. मी विक्कावाली." केंड्राचा हात थबकलेला पाहून म्हणाली, "घाबरू नकोस. चंद्र, जमीन, ऋतू, देवी. कोणाचं वाईट करायचं नाही, एवढा एकच नियम. आणि सैतान तुमच्याकडचा हो, आमच्याकडे त्याला जागाच नाही." त्यानंतर चष्मा उगाचच सैल व्हायला लागला. दर थोड्या दिवसांनी ऑपल यायची, आणि केंड्रा तिच्या कानामागे बोटं फिरवत विचारायची, देवी म्हणजे नेमकी कोण, ती बोलते का, आपण चुकलो तर काय करते. पण ऑपलनं कधी ये म्हटलं नव्हतं. केंड्राच आपल्या पायांनी गेली होती. रविवारी चर्चहून आल्यावर तिनं मागच्या अंगणात जाऊन ऑपलला फोन केला आणि आमेनची गोष्ट सांगितली, तर ऑपल हसून हसून खोकायला लागली.

"अगं, पहिल्या वर्तुळानंतर मी देणगीची थाळी शोधत होते. सगळे असे मोकळ्या हातानं कसे उठले म्हणून. इतक्या वर्षांची सवय, ती एका पुनवेत जाते होय?"

"ती रागावली असेल का?"

"रागवायचं खातं तू तिकडे ठेवून आलीस. घरी बोललीस का काही?"

"नाही."

"लाज वाटते?"

"हो."

"कोणापुढे? त्यांच्यापुढे की आमच्यापुढे?"

 केंड्राला वाटलं, या बाईपुढेही आपण परीक्षेत नापास झाल्यासारख्याच उभ्या आहोत. तेवढ्यात मावशीनं दारातून हाक मारली, जेवायला ये गं, आणि तिनं फोन असा घाईनं खिशात कोंबला की ऑपलला नीट निरोपही दिला नाही.

नऊ वर्षांची असताना तिनं आईकडे चेटकिणीची टोपी मागितली होती. ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनला गल्लीतली सगळी पोरं भुतं, हाडं, वटवाघळं होऊन गोळ्या मागत हिंडायची, आणि चर्चची पोरं चर्चच्या मैदानात बायबलमधली माणसं होऊन भोपळ्यांवर बसायची. आईनं टोपीचं ऐकून घेतलं आणि पडद्याच्या कापडातून तिला एस्तेर राणीचा झगा शिवून दिला. पुढच्या वर्षीही एस्तेर, त्याच्या पुढच्या वर्षी तोच झगा खाली झालर लावून. मैदानात सात एस्तेरी असायच्या. केंड्रा भोपळ्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या काळ्या टोप्यांकडे बघायची आणि तेव्हाही तिला लाज वाटायची. टोपी हवीशी वाटते याची एक, आणि आईनं रात्र जागून शिवलेला झगा नकोसा वाटतो याची दुसरी. लाजेचं तिच्याकडे कायमच असं जोडीनं असे. एकटी अशी ती कधी आलीच नाही.

आणि हात दाबायचं. त्याच्याबद्दल ती कोणाजवळ बोललेली नव्हती, ऑपलजवळही नाही. त्यांच्यात प्रार्थना हात धरून, वर्तुळानं व्हायची. एकानं बोलावं, मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं गप्प बसून शेजाऱ्याचा हात दाबायचा. दाबला की पुढे. कोणी का म्हणून विचारत नसे. लाजरी पोरं दाबायची, नवीन लग्न होऊन आलेले जावई दाबायचे, घसा बसला असेल तो दाबायचा. आई आजारी पडली तेव्हा चर्चची माणसं यायची, तिच्या कपाळाला तेल लावायची, खाटेभोवती उभं राहून हात धरायची. केंड्रा बोलायची तेव्हा. सगळ्यांपेक्षा जास्त बोलायची. मग एक दिवस जिन्यात कोणीतरी कोणाला तरी म्हणताना तिनं ऐकलं, बरं होणं शेवटी विश्वासावर असतं, घरात कोणाचा तरी कमी पडत असेल. त्याच संध्याकाळी आईनं डोळे उघडले आणि चादरीवरून हात पुढे केला. केंड्रानं तो धरला. आईला बोलायची ताकद नव्हती. ती वाट बघत होती, लेकीनं बोलावं म्हणून. केंड्रानं तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. तिनं आईचा हात दाबला. खोलीत दोघीच होत्या, त्यामुळे नंबर फिरून आईवरच आला. आईनं बराच वेळ घेतला, ओठ ओले केले आणि म्हणाली, "आमेन." दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर नवऱ्याचं घरही सुटलं, त्यात तर लाज वाटण्याइतकंही काही उरलं नव्हतं, आणि मावशी स्वतः गाडी घेऊन आली नि तिला सामानासकट घेऊन गेली. तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाला काका सुरुवात करत, मग केंड्राचा नंबर येई, ती मावशीचा हात दाबी, आणि मावशी दोघींच्या वाटचं म्हणून टाकी. मावशीचा हात कधी दचकला नाही, कधी थंड पडला नाही. काकांनी एकदा ताटावरून मान वर करून काही म्हणायला तोंड उघडलं होतं, तर मावशी म्हणाली होती, "हार्लन, बटाटे दे इकडे."

जेवणं उरकली, ताटं कचऱ्यात गेली, खुर्च्या गोल झाल्या. पास्टर डेलनी बाह्या दुमडल्या आणि विनंत्या विचारल्या. कोणाचं पित्ताशय, कोणाचा फौजेतला नातू, कोणाच्या सुनेची नोकरी. सगळ्यात शेवटी ते नेहमीसारखं म्हणाले, "आणि न बोललेल्या?" ज्याला आपलं दुखणं चारचौघांत सांगायचं नसेल त्यानं या वेळी नुसता हात वर करायचा, काय ते देवाला माहीत. दोन वर्षं दर बुधवारी विनेल मावशीचा हात वर जायचा. काय ते देवाला माहीत होतं, आणि हॉलमधल्या प्रत्येकालाही माहीत होतं, आणि केंड्रा त्या हाताशेजारी पायांतल्या बुटांकडे बघत बसायची. आज मावशीचा हात वर गेला नाही. आज मावशी उठून उभी राहिली. काकांची कंबर धरली होती म्हणून ते आले नव्हते. ते असते तर कदाचित उठली नसती, चारचौघांत बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"माझी न बोललेली विनंती," ती म्हणाली, "मी आजपासून परत घेते. तिचं उत्तर आलं. आमच्या घरात पुन्हा प्रार्थना ऐकू आली." तिचा गळा लालभडक झाला होता. "एवढंच."

आमेन, आमेन, असं चारी बाजूंनी आलं. कोणी केंड्राच्या पाठीवर हात ठेवला, कोणी खांद्यावर. ती हसली. ते हसणं तिनं आपलं आपणच चेहऱ्यावर बसवलं, फ्रेम नाकावर बसवावी तसं, जरा डावीकडे, जरा खाली. हात धरले गेले. तिच्या डावीकडे इमोजीनबाई, उजवीकडे मावशी. पलीकडून एकेक आवाज तिच्या दिशेनं यायला लागला आणि तिला सगळं एकदम दिसलं. हात दाबला तर मावशी आत्ता जे बोलली ते या तीस माणसांसमोर खोटं पडेल, आणि घरी जाईपर्यंत मावशी एक शब्द बोलणार नाही, आणि पुढच्या बुधवारी तो हात पुन्हा वर जाईल. बोललं तर ती स्वतः खोटी पडेल, पण ते फक्त तिलाच कळेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ऑपल असती तर काय म्हणाली असती? खरं बोल, म्हणाली असती; ऑपलचं घर तिच्या स्वतःच्या मालकीचं होतं आणि तिची मावशी कधीच वारली होती. इमोजीनबाईंनी आपलं आटोपलं, नाक ओढलं, आणि हॉल शांत झाला. वरच्या मजल्यावर कुठंतरी पोरं पळत होती. मावशीचा हात तिच्या हातात होता, थोडा ओला, थोडा जड, लोण्याचा वास असलेला. या हातानं तिला सामानासकट उचलून आणलं होतं.

"हे प्रभू," केंड्रा म्हणाली.

आणि पुढचं सगळं आलं. अडखळण्याची तिनं तयारी ठेवली होती, चार शब्द बोलून संपवू असं ठरवलं होतं, पण नळ सोडावा तसं ते आलं. आम्ही तुझ्या पायांशी येतो, प्रभू. तू दिलेल्या दिवसासाठी, या ताटासाठी, ज्यांनी ते रांधलं त्या हातांसाठी. पित्ताशय आलं, नातू आला, सून आली. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या मुकेपणातही तू बस, प्रभू. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, सगळं तिला ठाऊक होतं. तो तिचा आवाजही नव्हता, आईचा होता, आईच्या लकबीसकट तिच्या गळ्यात जसाच्या तसा ठेवलेला. इमोजीनबाई रडायला लागल्या. पास्टर डेल मान हलवत होते. शनिवारी वर्तुळात बसून ती दोन-चार वाक्यं बोलली होती आणि तीही रडत, चाचरत. आणि इथं, जिथं तिचा एका शब्दावरही भरवसा नव्हता, तिथं ती अशी बोलत होती की लोकांचे डोळे पाणावत होते. आपण काय आहोत, असं तिच्या मनात बोलता बोलताच येत होतं. येशूच्या नावानं मागते, आमेन, असं म्हणून तिनं मावशीचा हात दाबला, आता तू, अशा अर्थानं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिला. आता मावशीचा नंबर होता. मावशी काही बोलली नाही. एवढ्या वर्षांत कधीही नंबर न सोडलेल्या मावशीनं पुढच्या बाईचा हात दाबला आणि प्रार्थना पुढे गेली. भरून आलं असेल बिचारीला, असं केंड्राला वाटलं.

परत येताना गाडी केंड्रानंच चालवली. जूनचा दिवस, आठ वाजून गेले तरी डोंगराच्या कडेला उजेड रेंगाळला होता. मालगाडी जात होती म्हणून फाटकाशी थांबावं लागलं. मावशी मांडीवर रिकामं भांडं धरून बसली होती. चर्चच्या दारात एकीनं केंड्राला विचारलं होतं, पुढच्या महिन्यात बायकांच्या वर्गात प्रार्थना तूच घेशील का, आणि केंड्रा "बघू" म्हणाली होती. आता एकामागून एक डबे जात होते आणि तिला कळत होतं की बघू म्हणता म्हणता ती वर्ग घेईल, मग पियानोजवळ उभी राहील, आणि मग एक दिवस या मांडीवरच्या भांड्यासारखं भांडं घेऊन बुधवारी येईल, बुडाला नावाची पट्टी लावून. आणि दर पुनवेला दार लावून मिठाची बशी विसळत राहील. ओठात एक आणि पोटात एक असं जगायला लोकांना जमतं, तिला माहीत होती अशी माणसं. तिला तेही धड जमलं नव्हतं. तिच्या पोटातलं आणि ओठातलं वाटेतच एकमेकांत मिसळत होतं. फाटक उघडलं. घर आलं. तिनं गाडी अंगणात घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. खिडकीतून काका दिसत होते, पाठीशी उशी घेऊन बेसबॉल बघणारे.

"मावशी, मी शनिवारी येशूची प्रार्थना करत नव्हते."

मावशीनं दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला.

"विक्का म्हणून असतं. देवीचं. मी ते करून बघत होते, मीठ, मेणबत्ती, सगळं. तुझ्या गुलाबाच्या बशीत. शेवटचं ते तोंडातून निसटलं. आणि आज मी सगळ्यांसमोर..." तिनं स्टिअरिंगवरचे हात मांडीत घेतले. "मला फार लाज वाटते गं. तुझ्यापुढे पण वाटते, त्या देवीपुढे पण वाटते. तू म्हणशील तर मी जाईन दुसरीकडे."

मावशी भांड्याच्या बुडाची चिकटपट्टी नखानं खरवडत राहिली.

"बशी मला माहीत आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, मी आले तेव्हा तू बोलायला नुकती सुरुवात केली होतीस. दार नीट लागत नाही त्या खोलीचं, हार्लनला कितीदा सांगितलं. फटीतून दिसलं. तू आई म्हणालीस. मला वाटलं, नडीनला हाक मारतेय पोर, म्हणून पाय हलेना. मग पुढचं ऐकलं तेव्हा कळलं, ही नडीन नव्हे." मावशीचा गळा आता लाल नव्हता, पांढराफटक होता. "सगळं ऐकलं मी. शेवटपर्यंत."

"मग इमोजीनबाईंना..."

"शेवटचं तेवढं सांगितलं."

"आणि आज उभी राहून..."

"हो. आज उभी राहून." मावशीनं डोळे मिटले. "दोन वर्षं हात वर करतेय गं. एकदा तरी सांगावंसं वाटलं, की वर कोणी ऐकलं म्हणून. देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले मी. तुझ्यानंतर माझा नंबर आला तर तोंडच उघडेना."

आत काकांनी हात उंचावून टीव्हीला काहीतरी म्हटलं. केंड्राला मावशीकडे बघवेना, आणि बघणं टाळणंही जमेना.

"ते शेवटचं," मावशीनं विचारलं, "तेवढं तरी मनापासून होतं का? खरं सांग."

हो म्हणणं सोपं होतं. मावशीचा सगळा चेहरा ते 'हो' मागत होता, आणि एक खोटं आज ती तीस माणसांपुढे सहज बोलली होती. पण तिथं हात दाबून पुढे जाण्यासारखं कोणी नव्हतं.

"सवयीनं आलं, मावशी."

मावशीनं मान हलवली. ती रडेल असं केंड्राला वाटलं, पण तिनं फक्त भांडं दोन्ही हातांनी नीट धरलं.

"मलाही सवयीनंच येतं," ती म्हणाली. "नडीन गेल्यापासून."

केंड्राला प्रथम ते नीट समजलंच नाही. मग समजलं, आणि आधीची सगळी लाज तिच्यापुढे पोरखेळ वाटावी अशी नवी लाज तिच्या अंगावर आली. रोज संध्याकाळी, बटाट्यांवरून वाफ निघत असताना, तिनं हा हात दाबला होता. माझ्याकडे काही नाही, तू म्हण. आणि मावशी दरवेळी म्हणत गेली होती, दोघींच्या वाटचं, तिच्याजवळही काही नसताना. आई फक्त तिचीच गेली असं धरून ती चालली होती. बहीण कोणाची गेली हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि मावशीनं तो धरला. कोणीच दाबला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, इंजिन घरघरत होतं, आणि शेजाऱ्यांच्या अंगणात कोणीतरी पाण्याचा पाइप गुंडाळत होतं.

मग मावशीनं हात सोडवून घेतला, दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"हार्लनला सांगू नकोस हं."

"नाही सांगणार. मलाच काकांची भीती वाटते. ते मला घरात ठेवणार नाहीत."

"तुझं नाही गं." मावशी वळली नाही. "तुझं एक वेळ त्याला पचेल. तू नडीनची पोर, तो तुझ्यासाठी गुडघे टेकेल. माझं सांगू नकोस."